बुडालेलं जहाज काढायचं काम चालू असताना बाकीच्या बोटी कशा सांभाळायच्या

बुडालेलं जहाज काढायचं काम सुरू झालं की सगळ्यांचं लक्ष क्रेनकडे, डायव्हरकडे, कटिंगकडे, तेलाकडे असतं. आजूबाजूच्या बोटी सांभाळायचं काम मग कुणाच्या तरी गळ्यात पडतं, बहुतेक वेळा जो नवीन आहे त्याच्या, त्याच्या हातात व्हीएचएफ सेट (बोटीवरचा रेडिओ) देतात आणि सांगतात की जा, गार्ड बोटीवर बस आणि कोणी जवळ आलं की हाकल. मीपण पहिल्यांदा असाच बसलेलो. हाकलणं हे त्या कामातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं टोक आहे, खरं काम बोट बंदरातून सुटायच्या आधीच झालेलं असायला लागतं, हे कळायला मला एक अख्खा सीझन लागला. म्हणून हे लिहितोय, ज्याला असं काम मिळालंय किंवा मिळणार आहे त्याच्यासाठी, आणि थोडं आपल्या तांडेल लोकांसाठी, म्हणजे होड्या चालवणाऱ्यांसाठी पण.

आधी ट्रायकलरची गोष्ट सांगतो, कारण ह्या धंद्यात सगळे तिच्यावरूनच शिकले. १४ डिसेंबर २००२ ला पहाटे इंग्लिश चॅनलमध्ये ट्रायकलर नावाचं गाड्या नेणारं जहाज कारिबा नावाच्या कंटेनर जहाजाला धडकून बुडालं. आत जवळपास २,९०० नव्या कोऱ्या गाड्या, बीएमडब्ल्यू, व्होल्वो, साब वगैरे. माणसं सगळी वाचली. पण पाणी तिथे फक्त ३० मीटरच्या आसपास आणि जहाज एवढं रुंद की आडवं पडल्यावर वरची बाजू पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी खाली, नुसती लपलेली, आणि वरून जगातली सगळ्यात जास्त गर्दीची जहाज वाहतूक. गार्ड जहाजं उभी केली, रेडिओवर सारख्या सूचना चालू, तरी दोनच दिवसांनी १६ डिसेंबरला निकोला नावाचं जहाज येऊन त्याच्यावर चढलं. मग अजून बोये (पाण्यावरच्या तरंगत्या खुणा) लावले, अजून पहारा वाढवला आणि १ जानेवारी २००३ ला विकी नावाचा टँकर भरल्या मालानिशी येऊन आपटला. ह्यात कुणी आंधळं नव्हतं, सगळ्यांकडे रडार होतं, रेडिओ होता. सूचना दिली होती, पण समोरच्याच्या डोक्यात पोचली नव्हती, एवढाच फरक. तो फरक मिटवायचा म्हणजे आपलं काम.

पहिल्यांदा बघायचं ते बुडालेल्या जहाजाकडे नाही तर पाण्याकडे. जहाज कुठे पडलंय हे सर्व्हेवाले सांगतात, पण त्या जागेवरून रोज कोण जातं हे ते सांगत नाहीत. मुंबईच्या आसपासचं काम असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवस-मोऱ्याच्या लाँच, गेटवेच्या घारापुरीच्या आणि मांडव्याच्या बोटी, रो-रो, ससून डॉक आणि करंजाचे ट्रॉलर, डोल (धारेत रोवायचं जाळं) लावणारे, ओएनजीसीच्या सप्लाय बोटी, लोखंड-कोळसा नेणारे बार्ज (सपाट बुडाच्या मालवाहू बोटी) आणि वर न्हावा-शेव्याच्या जेएनपीए बंदराचे मोठे कंटेनरवाले. ह्या प्रत्येकाची वेळ वेगळी, वाट वेगळी आणि सूचना मिळायची जागा वेगळी. तीन दिवस नुसतं बसून वहीत लिहायचं, कोण किती वाजता कुठल्या बाजूनं गेलं, भरतीला कुठून जातो आणि ओहोटीला कुठून. एआयएसवर (जहाजं आपली जागा आपोआप कळवतात ती यंत्रणा) विसंबू नका, लहान होड्या त्याच्यावर बहुतेक दिसतच नाहीत आणि आपल्याला त्रास लहान होड्यांचाच जास्त असतो.

मग येतो बंद जागेचा प्रश्न, म्हणजे किती लांबपर्यंत कुणाला येऊ द्यायचं नाही. लोकांना एक आकडा पाहिजे असतो. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर असतात म्हणून इथेपण ५०० मीटरचा गोल मारून मोकळे होतात. बाल्टिमोरला मार्च २०२४ मध्ये डाली जहाज पुलाला धडकून पूल पडला (त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते) तेव्हा तिथल्या कोस्ट गार्डने २,००० यार्ड, म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या वर, जागा बंद केली होती. म्हणजे आकडा जागेवर ठरतो, आणि तो कसा ठरवायचा ते सांगतो. समजा एका ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं आणि उधाणाचं तीन नॉटचं पाणी आहे. तीन नॉट म्हणजे मिनिटाला साधारण ९० मीटर. ५०० मीटरवर बंद पडलेली बोट साडेपाच मिनिटांत तुमच्या बार्जवर येणार. साडेपाच मिनिटांत तुमची गार्ड बोट तिथे पोचेल, दोर टाकेल, तो दोर ते लोक बांधतील आणि ओढून बाजूला नेता येईल का? प्रामाणिक उत्तर द्या. नाही वाटत ना? मग पाण्याच्या धारेच्या दिशेला जागा वाढवा. आणि आपल्याकडे पाणी दोन्हीकडे वाहतं, भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर, म्हणून गोल नकोच, अंड्यासारखा लांबट आकार पाहिजे, धारेच्या दोन्ही टोकांना लांब आणि आडव्या बाजूंना कमी. आडवी बाजू कमी ठेवली की लाँचवाल्यांना जायला वाट पण राहते, आणि वाट राहिली की भांडण कमी होतं.

अजून एक गोष्ट विसरतात. बार्ज एका नांगरावर नसतो, चार नांगर नाहीतर आठ नांगर, आणि प्रत्येकाची वायर दोनशे-तीनशे मीटर लांब कुठेतरी गेलेली असते, पाण्याच्या खालून. वरून बघणाऱ्याला वाटतं बार्ज तिकडे लांब आहे, मी इथून मस्त जातो, आणि खाली वायर ताठ झालेली असते. बंद जागा मोजायची ती सगळ्यात लांबच्या नांगराच्या बोयापासून, बार्जच्या कडेपासून नाही. आणि नांगराच्या प्रत्येक बोयाला रात्रीचा दिवा पाहिजे. तो दिवा चोरीला जातो, हे पण हिशोबात धरा, चार जास्तीचे ठेवा.

बोये, दिवे आणि शंकरपाळी

नुकतंच बुडालेल्या जहाजासाठी एक खास बोया असतो, निळ्या आणि पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा, डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखा पिवळा क्रॉस, आणि रात्री एकदा निळा एकदा पिवळा असा आलटून पालटून दिवा. हा ट्रायकलरच्याच भानगडीनंतर आला, २००६ पासून. तो सुरुवातीच्या दिवसांसाठी आहे, नकाशावर जागा चढेपर्यंत आणि सगळ्यांना कळेपर्यंत. नंतर कायमचे बोये लागतात, म्हणजे चार दिशांचे काळे-पिवळे. त्यांची गंमत सोपी आहे: उत्तरेच्या बोयाच्या उत्तरेनं जायचं, दक्षिणेच्या दक्षिणेनं, तसंच बाकी दोन. डोक्यावरचे दोन शंकू वर टोक करून असतील तर उत्तर, दोन्ही खाली असतील तर दक्षिण, बुडाला बूड लावून अंड्यासारखे दिसत असतील तर पूर्व, टोकाला टोक लावून कमरेत बारीक असतील तर पश्चिम. रात्री दिवा घड्याळासारखा मोजायचा, तीन वेळा चमकला तर पूर्व, सहा वेळा आणि मग एक लांब तर दक्षिण, नऊ वेळा तर पश्चिम, आणि न थांबता चमकत राहिला तर उत्तर. हे तुम्हाला माहीत असेल, सगळ्या तांडेलांना माहीत असेल असं धरू नका. खूप जणांना निळा-पिवळा बोया कधी दिसलेलाच नसतो, त्यांना वाटतं कुठल्यातरी कंपनीचा आहे, आणि मी एकदा स्वतः बघितलंय, त्याला होडी बांधून निवांत जेवत बसलेले दोघं.

काम करणाऱ्या जहाजावर दिवसा काळा गोळा, मधे शंकरपाळीचा आकार, खाली परत काळा गोळा, असे तीन एकाखाली एक. रात्री त्याच जागी लाल, पांढरा, लाल. म्हणजे हे जहाज हलू शकत नाही, तुम्ही बाजूला व्हा. ह्याच्याशिवाय ज्या बाजूला धोका आहे, वायर-क्रेन-डायव्हर, त्या बाजूला दोन गोळे, रात्री दोन लाल, आणि ज्या बाजूनं जाता येईल तिथे दोन शंकरपाळ्या, रात्री दोन हिरवे. सगळ्यात कामाचं हेच, आणि सगळ्यात जास्त चुकतं पण हेच, कारण बार्ज फिरवला की हे बदलायला कुणाच्या लक्षात राहत नाही, मग हिरवे दिवे बघून बोट बरोबर वायरवर येते. बार्जची जागा बदलली की पहिला फोन गार्ड बोटीला आणि दुसरं काम दिवे-गोळे बदलायचं, ही सवय लावून घ्या. डायव्हर पाण्यात असतील तर पांढरा-निळा 'ए' झेंडा, तो पण कापडाचा नको, पत्र्याचा किंवा प्लायवूडचा, कमीत कमी एक मीटर उंच, चारही बाजूंनी दिसेल असा. कापडी झेंडा वारं पडलं की काठीला गुंडाळून बसतो. आणि डायव्हर वर आले की तो झेंडा खाली घ्या हो. चोवीस तास झेंडा लावून ठेवला की तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

एक उपद्रव बार्जवाल्यांचाच, ते रात्री कामासाठी एवढे मोठे हॅलोजन लावतात की त्या उजेडात लाल-पांढरा-लाल दिसतच नाही, लांबून नुसता लग्नाचा मांडव दिसतो. फ्लडलाइट खाली डेककडे वळवून घ्या, भांडायला लागलं तरी भांडा.

सूचना कशी पोचवायची

सरकारी वाट आहे ती करायचीच. पोर्टच्या हार्बर मास्टरला, महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाला, डीजी शिपिंगला, कोस्ट गार्डला, मत्स्य विभागाला कळवायचं, तिथून नाविकांसाठीची नोटीस निघते, नॅव्हटेक्सवर (जहाजांना छापील इशारे पोचवणारी रेडिओ सेवा) ५१८ किलोहर्ट्झला जाते. ह्या भागातल्या समुद्राच्या इशाऱ्यांचं काम डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसकडे आहे, समुद्राचं ऑफिस डोंगरात, पण काम चोख असतं त्यांचं. ह्यानं मोठी जहाजं कव्हर होतात. पण नॅव्हटेक्सचा कागद करंजाच्या नाखव्याच्या, म्हणजे होडीच्या मालकाच्या, घरी येत नाही.

लहान बोटींसाठी आपल्याला चालत जायला लागतं. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जा, डिझेल भरायच्या पंपावर जा, बर्फाच्या कारखान्यावर जा, कारण समुद्रात जाणारी प्रत्येक बोट डिझेल आणि बर्फ घेतल्याशिवाय सुटत नाही, तिथे एक मोठा नकाशा चिकटवा. मोठा म्हणजे दारावर मावेल एवढा. नकाशात अक्षांश-रेखांशाबरोबर खुणा टाका, म्हणजे अमुक दीपगृह आणि तमुक देवळाचं शिखर एका रेषेत आलं की थांबा, असं. जुने तांडेल खुणेवरच चालतात आणि नवीन पोरं जीपीएसवर. जीपीएसवाल्यांसाठी एक मोठी गोष्ट: आकडे कुठल्या पद्धतीनं देताय ते बघा. होडीवरच्या मशीनवर बहुतेक अंश आणि मिनिटं, मिनिटाचे पुढे दशांश, असं असतं. तुम्ही जर १८ अंश ५२ मिनिटं ३० सेकंद असं लिहिलं आणि त्यानं ते ५२.३० मिनिटं म्हणून टाकलं तर ३७० मीटरचा फरक पडतो. ३७० मीटर म्हणजे तुमची निम्मी बंद जागा गेली. म्हणून त्यांच्या मशीनवर जसं दिसतं तसंच लिहून द्या, आणि शक्य असेल तर धक्क्यावर बसून आपल्या हातानं पाच-पन्नास बोटींच्या मशीनमध्ये पॉइंट टाकून द्या, मी टाकलेत, एका चहात दोन बोटी होतात. जीपीएसवर त्यांची जुनी वाट सेव्ह केलेली असते आणि रात्री दमलेला माणूस त्या रेषेवर नुसतं सुकाणू धरून बसतो. ती रेष तुमच्या बार्जवरून जात असेल तर तो बार्जवर येणार, त्यात त्याची चूक फार नाही.

व्हॉट्सॲपवर टाकायचा मेसेज छोटा ठेवा, एक नकाशाचा फोटो आणि एक आवाजी मेसेज. आवाज मराठीत एक, हिंदीत एक. हिंदी कशाला, तर बोटीवरचे खलाशी खूपदा नेपाळचे, युपीचे असतात, आणि गुजरातच्या बोटी पण येतात. आणि मेसेजमध्ये 'सक्त मनाई आहे' असलं सरकारी काही लिहू नका, लिहा की इथे खाली वायर आहे, जाळं अडकलं तर जाळं गेलं आणि बोट पण आडवी होईल. मनाई म्हटलं की लोकांना आत काहीतरी आहे असं वाटतं. जाळं जाईल म्हटलं की लगेच कळतं.

जाळ्यांचा विषय निघालाच आहे तर, बुडालेल्या जहाजाभोवती मासळी जमते, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मच्छीमार चुकून येत नाहीत तर कधीकधी मुद्दाम येतात. त्याला चोर ठरवून काही होत नाही, त्याचं पोट आहे. त्याच्या नेहमीच्या जागेवर आपण महिनोन् महिने बसणार असू तर नुकसानीचं बोलणं काम सुरू व्हायच्या आधी सोसायटीशी झालेलं पाहिजे, नाहीतर तुमचे बोये रोज रात्री कापले जातील आणि तुम्ही रोज सकाळी लावत बसाल. केरळात मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ बुडालं तेव्हा सरकारनं २० सागरी मैलांच्या आत मासेमारीला जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, आत धोकादायक मालाचे कंटेनर होते म्हणून. एवढी मोठी जागा म्हणजे किती घरांची चूल, त्याचा विचार करा. आमचं तर म्हणणं आहे की गार्ड बोटच स्थानिक कोळ्याची भाड्यानं घ्या. दोन फायदे. त्याला पैसे मिळतात, आणि तो वायरलेसवर ज्या भाषेत बोलतो ती ऐकून समोरचा वळतो, कारण समोरचा बहुतेक त्याचा मेव्हणा असतो.

गार्ड बोट कशी चालवायची

एक बोट पुरत नाही. धारेच्या दोन टोकांना दोन पाहिजेत, आणि एकीचं इंजिन बंद असेल तेव्हासाठी तिसरी. बोट बांधून ठेवायची नाही, इंजिन चालू, माणूस जागा. वरती व्हीएचएफ दोन, एक चॅनल १६ वर आणि एक पोर्टनं ठरवून दिलेल्या कामाच्या चॅनलवर, मोठा भोंगा, सर्चलाइट, ओढायचा दोर तयार करून पाठीमागे ठेवलेला, लाइफ जॅकेट जास्तीची. सर्चलाइट समोरच्याच्या तोंडावर मारू नका, तो आंधळा होतो आणि मग सरळच येतो. धोका ज्या दिशेला आहे तिकडे उजेड टाका, म्हणजे पाण्यावर बार्जकडे, त्याला आपोआप कळतं. लाल फ्लेअर तर अजिबात उडवू नका, लाल म्हणजे आम्ही संकटात आहोत, मदतीला या, आणि तुम्ही नको म्हणताय ते सगळे आत येतील. लक्ष वेधायला पांढरा फ्लेअर. आणि भोंग्याचे पाच छोटे फुंकार, तुझं काय चाललंय ते मला कळत नाही, हा त्याचा अर्थ सगळीकडे तोच.

लांबून बोट दिसली की लगेच ओरडायला जाऊ नका, आधी तिचं बेअरिंग, म्हणजे ती आपल्याला कुठल्या दिशेला दिसते ते, बघा, बदलत असेल तर ती तशी पण बाजूनं जाणार. बदलत नसेल तर निघा. समोरून जाऊन आडवं उभं राहू नका, तिच्या शेजारी जाऊन तिच्याच दिशेनं, तिच्याच वेगानं चाला आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला ढकलल्यासारखं वळवा, हातानं वाट दाखवा. आडवं गेलं की माणूस चिडतो किंवा गोंधळतो. आठ नॉटनं येणारी होडी ५०० मीटर दोन मिनिटांत कापते, म्हणजे बाहेरच्या कडेवर असतानाच गाठली पाहिजे, आत आल्यावर नाही. प्रत्येक बोटीचं नाव, नंबर, वेळ वहीत. नंतर काही झालं तर ती वहीच बोलते. वारंवार तीच बोट येत असेल तर बोटीवर भांडू नका, संध्याकाळी धक्क्यावर जाऊन नाखव्याला भेटा. त्याउपर ऐकलं नाही तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि कोस्ट गार्डचा १५५४ आहेच.

लाटेचं लोकांना समजावून सांगायला लागतं. लाँचवाला म्हणतो मी तर बाहेरून गेलो, मग काय झालं. झालं असं की वेगात गेल्यावर मागे जी लाट उठते ती पाचशे मीटर आरामात येते, आणि इकडे क्रेनला शंभर टनाचा तुकडा लटकलेला असतो किंवा खाली डायव्हर कापलेल्या धारदार पत्र्याच्या शेजारी असतो. बार्ज फूटभर हलला तरी खाली तो पत्रा हलतो. म्हणून वेग कमी करायला सांगायचं, पण मोठ्या जहाजाला खूप कमी पण सांगू नका, पाच-सहा नॉटच्या खाली मोठं जहाज सुकाणू ऐकत नाही आणि धारेनं आपल्याकडेच वाहत येतं. त्यांच्यासाठी उपाय वेळ ठरवायचा, की ह्या वेळेत लिफ्ट (तुकडा उचलायचं काम) आहे, तेव्हा कोणी येऊ नका.

वेळ ठरवताना एक आपल्याकडची अडचण आहे. डायव्हर काम करतात ते भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थांबतं तेव्हा, कारण तेव्हा धार नसते. आणि रेवससारख्या ठिकाणी ओहोटीला गाळामुळे लाँच लागत नाही म्हणून लाँचवाले पण भरतीच्याच वेळेला धरून धावतात. म्हणजे तुम्हाला ज्या तासात पाणी मोकळं पाहिजे त्याच तासात सगळी गर्दी. ह्याला उत्तर म्हणजे दर आठवड्याला भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन लाँचवाल्यांबरोबर बसायचं आणि रोजच्या डायव्हच्या वेळा त्यांना आधी द्यायच्या. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत धार कमी असते, डायव्हिंगला वेळ जास्त मिळतो, तेव्हा थोडं सोडून द्या त्यांना. उधाणाच्या दिवसांत तुमचा वेळच मुळात कमी, तेव्हा ते थांबतील. देवघेव आहे.

आणि कॅलेंडर बघा. सध्या मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. पावसाळ्यात जहाज अडकलं आणि जून-जुलैत काम सुरू झालं की पाण्यावर चिटपाखरू नसतं, गेटवे-मांडव्याच्या लाँचपण बंद, मग सगळे निर्धास्त होतात. आणि १ ऑगस्टला पहाटे शेकडो बोटी एकदम सुटतात, दोन महिने घरी बसलेली माणसं, पहिली मासळी मिळवायची घाई. तुमचं काम ज्यांनी बघितलेलंच नाही असे सगळे त्या एका पहाटे येतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत सगळ्या धक्क्यांवर जा. नारळी पौर्णिमेला होड्या सजवून लोक बायका-पोरं घेऊन निघतात, त्या दिवशी मी असतो तर काम बंद ठेवीन, एका दिवसानं काही बिघडत नाही.

टग आणि तरंगते कंटेनर

टग बार्ज ओढत असेल तर दोघांच्या मधून कधी जायचं नाही. मधली वायर पाण्याखाली वाकून गेलेली असते, वरून काही दिसत नाही, आणि बार्जला ब्रेक नाही. ओढायची लांबी २०० मीटरपेक्षा जास्त असेल तर दिवसा शंकरपाळीचा आकार लावलेला असतो, रात्री टगच्या मागे पांढऱ्या दिव्याच्या वर पिवळा दिवा. टग आणि बार्जच्या मधून जायचं नाही, हे एकच वाक्य सगळ्या पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

कंटेनरचं तर आपण भोगलंय. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ धडकली, चित्रा एवढी कलली की शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं, आणि मुंबई आणि जेएनपीटी (जेएनपीएचं तेव्हाचं नाव) दोन्ही बंदरांची वाहतूक चार-पाच दिवस ठप्प झाली, कारण चॅनलमध्ये कुठला कंटेनर बुडालाय आणि कुठला तरंगतोय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नौदलाची मदत घेऊन तळ तपासायला लागला. तरंगणारा कंटेनर पाण्याच्या वर वीतभर पण दिसत नाही, रडारला लाटेसारखा वाटतो, आणि भरती-ओहोटीबरोबर रोज जागा बदलतो. त्यामुळे अशा कामात रात्रीची वाहतूक आधी बंद आणि दिवसाची हळूहळू चालू, ह्याच क्रमानं जायचं. मोठा चॅनल साफ व्हायची वाट बघत सगळ्यांना अडकवून पण ठेवू नका. बाल्टिमोरला पूल पडल्यावर सहाव्या दिवशी बाजूनं फक्त ११ फूट खोलीची एक छोटी वाट उघडली, टग आणि बार्जपुरती, मग त्याच्याहून खोल अशा अजून वाटा, आणि पूर्ण चॅनल १० जूनला. आपल्याकडे पण लाँच आणि होड्यांना फार खोल पाणी लागत नाही, त्यांची वाट तपासून आधी मोकळी करा. अर्धी गर्दी तिथेच कमी होते.

कुणाला तरंगता कंटेनर किंवा पिंप दिसलं तर ओढून आणायचं नाही, फोडायचं नाही, जागा आणि वेळ कळवायची. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, चित्रावर कीटकनाशकं पण होती. आणि फुकटचा माल म्हणून घरी नेला तर कायद्यानं तो तुमचा होत नाही, सरकारच्या रिसिव्हरला (अशा मालाचं बघणारा अधिकारी) कळवायलाच लागतं.

तेल काढायचं चालू असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला कुणी बोट थांबवू नका, होडीवर स्टोव्ह पेटलेला असतो जेवणासाठी, हे सेफ्टीवाल्या ऑफिसरना सुचत नाही कारण त्यांनी होडीत कधी जेवण केलेलं नसतं. पाण्यावर जो नारिंगी बूम (तेल अडवणारा तरंगता पट्टा) पसरलेला असतो त्याच्यावरून होडी न्यायची नाही, पंख्यात अडकतो, होडी पण जाते आणि तेल पण सुटतं.

धुकं किंवा धो धो पाऊस आला की काम करणाऱ्या जहाजानं एक लांब आणि दोन छोटे भोंगे, दर दोन मिनिटांच्या आत परत परत. गार्ड बोटींना आत बोलावून घ्या, बार्जच्या जवळ, बाहेर त्यांनाच कुणीतरी ठोकेल. आणि डायव्हर वर घ्या. दिसत नसताना डायव्हर खाली ठेवणं म्हणजे नुसता हट्ट आहे, कितीही डेडलाइन असली तरी.

किनाऱ्याला लागलेलं जहाज असेल तर अजून एक डोकेदुखी, बघे. जून २०११ ला एमव्ही विस्डम जुहूला येऊन रुतलं तेव्हा अख्खी मुंबई बघायला लोटली होती. रत्नागिरीजवळ मिऱ्याला २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार लागलं ते पण लोकांचं फिरायचं ठिकाण झालं. जमिनीवरची गर्दी पोलीस बघतील, पण जवळून दाखवतो म्हणून माणशी पैसे घेऊन होड्या निघतात त्या तुमच्याकडे येणार. ह्यांना अडवायच्या ऐवजी एक जागा आखून द्या, धारेच्या आडव्या बाजूला, जिथून फोटो चांगला येतो आणि धोका नाही, आणि सांगा इथपर्यंतच. लोकांना फोटोच पाहिजे असतो.

काम संपल्यावर

सगळ्यात ढिलाई इथे होते. मोठे तुकडे उचलले, बार्ज गेला, पार्टी झाली, आणि बोये कुणीतरी कधीतरी काढेल म्हणून राहून जातात, किंवा उलट, बोये काढले आणि खाली दोन मीटरचा लोखंडी खांब उभाच. आधी तळाचा सोनार सर्व्हे, मग पोर्टची लेखी मंजुरी, मग बोये काढायचे, मग नाविकांसाठी रद्द झाल्याची नोटीस, आणि मग परत त्याच डिझेलच्या पंपावर, त्याच बर्फाच्या कारखान्यावर जाऊन आपला नकाशा आपल्या हातानं फाडून आणायचा. ज्यांच्या मशीनमध्ये तुम्ही पॉइंट टाकलेत त्यांना फोन करून सांगा की आता तो काढून टाका, आणि काही शिल्लक राहिलंच असेल, एखादा नांगर, तुटलेली वायर, तर तो नवा पॉइंट द्या. जाळं टाकणाऱ्याला खाली काय उरलंय तेवढंच पाहिजे असतं.